एक पायरी वर

विंडसर, कॅनडा
१२ जानेवारी २०२५

तात्यासाहेब, रामराम.

फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणता "हं, बोल", मी म्हणतो "बरंय ना सगळं?" आणि पुढं दोघंही गप्प. तुमच्या चिकलठाण्याच्या शॉपात बारा वर्षं ग्राइंडरच्या आवाजात काढली, बोलायची सवय लागली नाही. प्रेरणा सांगत होती की तुम्ही आता कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता. म्हणून हा ईमेल.

एक काम होतं. मी इथं कायम राहायचा अर्ज करतोय. पीआर म्हणतात त्याला. तो मिळाला की प्रेरणा आणि रूपा माझ्याकडं येऊ शकतात. नाही मिळाला तर माझं वर्क परमिट पुढच्या वर्षी संपतं आणि गाशा गुंडाळून परत यायचं. मी आलो तेव्हा रूपा चार वर्षांची होती, आता सात पूर्ण झालीत. फोनवर ती मला दात दाखवते. पडलेला कोणता आणि नवा कोणता, ते मला कळत नाही.

अर्जाला वय, शिक्षण, इंग्रजीची परीक्षा आणि अनुभव यांचे गुण असतात. इंग्रजीत तिसऱ्या खेपेला निघालो. आता तुमचं अनुभवाचं पत्र लागतं. माझा हुद्दा टूल अँड डाय मेकर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर, आणि रोजचं काम, एवढंच साध्या शब्दांत. नमुना सोबत जोडलाय. कृपा करून एक शब्दही बदलू नका.

तुमचा,
सोमनाथ

छत्रपती संभाजीनगर
१५ जानेवारी २०२५

सोमनाथ,

तुझा नमुना वाचून डोकं फिरलं. "डाय जोडणे, कानशीने घासणे, ग्राइंडरवर माप आणणे, नवीन मुलांना शिकवणे." अरे, हे अनुभवाचं पत्र आहे की मजुराचा हजेरीपट? बारा वर्षं माझ्याकडं काम केलेल्या माणसाबद्दल मी परदेशात हे लिहून पाठवायचं?

पण तू म्हणतोस म्हणून जसंच्या तसं लेटरहेडवर घेतलं, सही केली, शिक्का मारला. शेवटी "हा मुलगा निर्व्यसनी असून घराणं चांगलं आहे" अशी एक ओळ घातली होती. तू काढायला लावशील म्हणून मीच आधी काढली.

प्रेरणा बिडकीनहून पोरीला घेऊन आली होती. तिनंच कागद स्कॅन करून पाठवला. रूपा तुझ्या ग्राइंडरपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "पप्पा इथं बसायचे?" मी म्हटलं, बसायचे नाही गं, उभे राहायचे. तिनं तिथंच पाच मिनिटं उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, "पाय दुखतात."

इथं काम जोरात आहे. काळजी नको.

तात्या

विंडसर
२६ जानेवारी २०२५

तात्यासाहेब, रामराम.

पत्र उत्तम झालं. काल अर्ज गेला. कन्सल्टंट बाई म्हणाल्या की इमिग्रेशनचे लोक कधीकधी मालकाला ईमेल करून खातरजमा करतात. आलाच तर उत्तर तेवढं द्या.

रूपा पाच मिनिटं उभी राहिली ते वाचून फार बरं वाटलं. दोनदा वाचलं. मी एका तळघरातल्या खोलीत राहतो. खिडकी जमिनीच्या बरोबरीनं आहे, त्यामुळं दिसतात ते लोकांचे बूट. सध्या बर्फ साचून तेही दिसत नाहीत.

सोमनाथ

छत्रपती संभाजीनगर
९ जून २०२५

सोमनाथ, पेढे आण!

तुझी चौकशी आली. शुक्रवारी ईमेल बघतो तर थेट कॅनडा सरकार. इंग्रजी अगदी आदबशीर. सोमनाथ कडुबा गोर्डे यांना आपण ओळखता का, हुद्दा काय होता, हाताखाली माणसं किती, दिवसभर काय काम करत. मी शॉपला सुट्टी दिली, चहा मागवला आणि दुपारभर बसून उत्तर लिहिलं. शब्दकोश काढला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत स्क्रीनकडं बघत बसलो होतो.

काय लिहिलं ते आत्ता सांगत नाही. एवढंच सांगतो, तुझी मान खाली जाईल असं त्यात एक अक्षर नाही. सुपारी फुटली समज.

तात्या

विंडसर
२ जुलै २०२५

तात्यासाहेब,

काल सरकारचं पत्र आलं. त्यात लिहिलंय की तुमच्या मालकाच्या म्हणण्यानुसार तुम्ही २०१५ पासून वर्क्स मॅनेजर होता, चाळीस माणसं तुमच्या हाताखाली होती आणि तुम्ही स्वतः मशीनला हात लावत नव्हता. अर्जात मात्र तुम्ही डाय मेकर म्हणून गुण घेतलेत. म्हणजे अर्जातली माहिती खोटी असावी, असा आमचा संशय आहे. तीस दिवसांत खुलासा करा. पटला नाही तर अर्ज रद्द, आणि पुढची पाच वर्षं दुसरा अर्ज करता येणार नाही.

आपल्या शॉपात दसऱ्याच्या पूजेला सुद्धा चाळीस माणसं जमत नव्हती. हे तुम्ही लिहिलंत का? की तुमच्या पुतण्यानं, मंदारनं? की तुमचा ईमेल दुसऱ्या कुणी उघडला?

प्रेरणाला अजून सांगितलेलं नाही. तिनं रूपासाठी गुलमंडीतून जाड स्वेटर आणून ठेवलाय. लगेच कळवा.

सोमनाथ

छत्रपती संभाजीनगर
३ जुलै २०२५

सोमनाथ,

मीच लिहिलं. मंदारचं नाव घेऊ नकोस, तो पुण्याला जाऊन चार वर्षं झाली.

पण मला सांग, यात माझं चुकलं कुठं? चौकशी आली की आपल्या पोराला एक पायरी वर चढवायचं, ही आपल्या शॉपची रीतच आहे. पुंजारामचं लग्न ठरत होतं तेव्हा त्याला सुपरवायझर केलं की नाही? हेल्पर होता तो. आणि तुझ्या वेळेला? तुझे सासरे साहेबराव फुलंब्रीहून चौकशीला आले, चपला बाहेर काढून केबिनमध्ये बसले. मी म्हटलं, सोमनाथ आमचे मॅनेजर आहेत. "व्हय का? म्यानेजर? मंग लई झालं की," म्हणाले आणि त्याच आठवड्यात बोलणी पक्की केली. लग्नानंतर एकदा मला म्हणाले, "तात्यासाहेब, आमाला ठावं व्हतं. मालक सांगतो त्यातली एक पायरी वजा करायची असती." सगळ्यांना माहीत असतं ते. तुझ्या कॅनडावाल्यांना वजाबाकी येत नाही, त्याला मी काय करू?

मी आजच त्यांना कळवतो की कॉम्प्युटर बिघडला होता, दुसऱ्याच माणसाची माहिती तुझ्या नावावर गेली. काळजी करू नकोस.

तात्या

विंडसर
४ जुलै २०२५

तात्यासाहेब,

पाया पडतो, काहीही कळवू नका. एका खोट्यावर दुसरं खोटं चढलं तर मी संपलो.

कन्सल्टंट बाई म्हणतात, एकच वाट आहे. तुम्ही नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचं. आधी जे लिहिलं ते खोटं होतं, का लिहिलं आणि खरं काय, हे सगळं शपथेवर. मी पगाराच्या पावत्या आणि आयटीआयचं प्रमाणपत्र जोडतो. तुमच्या नावाला बट्टा लागेल, ते मला कळतं. पण दुसरी वाट नाही.

आता लिहायलाच बसलोय तर लिहितो, नाहीतर हे पोटातच राहील. तुम्हाला मला मॅनेजर म्हणायचंच होतं तर २०१९ साली म्हणायचं होतं. मी केबिनमध्ये येऊन ती जागा मागितली होती. आयुष्यात एकदाच काही मागितलं. तुम्ही चहा मागवलात आणि म्हणालात, मंदार इंजिनिअर आहे, शिवाय घरचा आहे. मी चहा प्यालो आणि मशीनवर जाऊन उभा राहिलो. त्या दिवसापासून मी इथल्या जाहिराती बघायला लागलो. साहेबराव मामांना सांगितलंत, कॅनडाला सांगितलंत. मला सोडून सगळ्यांना मी मॅनेजर होतो.

इथं माझं कसं चाललंय ते मी कुणाला सांगत नाही. रविवारी मी घरात ब्रेड असला तरी ब्रेड आणायला जातो, कारण दुकानातली गल्ल्यावरची बाई विचारते, कसा आहेस? अख्ख्या रविवारी मला तेवढंच कुणी विचारतं. मी बरा आहे म्हणतो आणि घरी येतो. साडेतीन वर्षं मी ब्रेड वाया घालवतोय.

अर्ज रद्द झाला तर पुन्हा करता येईल तेव्हा रूपा तेरा वर्षांची असेल, आणि वयामुळं माझे गुणही उरणार नाहीत. तेव्हा हे शेवटचंच आहे.

सोमनाथ

छत्रपती संभाजीनगर
९ जुलै २०२५

सोमनाथ,

पाच दिवस उत्तर दिलं नाही. त्यातला पहिला दिवस मी कशात घालवला ते सांगतो, कारण हे तुला कळलं पाहिजे.

तुझं पत्र वाचलं आणि मनात पहिला विचार आला, बरं झालं. पोरगं परत येईल. मी काहीच करायचं नाही, गप्प बसायचं, की तीस दिवस संपतील आणि तू आपोआप तुझ्या मशीनवर येऊन उभा राहशील. घरी मी एकटा असतो. तुझ्या काकू गेल्यापासून छावणीतल्या घरात दिवा लावतो तो मीच आणि विझवतो तो मीच. त्या दिवशी संध्याकाळी मी दिवा लावलाच नाही, अंधारात बसून तुझ्या येण्याचे बेत करत होतो. तुला मॅनेजर करायचं, केबिन रंगवायची, इथपर्यंत. मग ब्रेडचं पुन्हा वाचलं. मला माझी लाज वाटली.

२०१९ चं मला आठवतं. तू विसरला असशील असं मी धरून चाललो होतो, कारण तू कधी काही बोलला नाहीस. मंदारनं दोन वर्षांत शॉपची वाट लावली, हे तू जायच्या आधीच मला दिसत होतं. तरी तुला बोलावून घेतलं नाही. आपल्याच कामगाराकडं जाऊन माझं चुकलं कसं म्हणायचं, हे मला जमलं नाही. म्हणून जूनमध्ये तो ईमेल आला तेव्हा लग्नाच्या चौकशीची रीत हे निमित्तच झालं. मला ते कुठंतरी लिहायचंच होतं. तुझ्यासमोर म्हणायची हिंमत नव्हती, तर परक्या साहेबाला लिहून मोकळा झालो.

काल कोर्टाजवळ जाऊन नोटरी केली. वकील म्हणाला, एवढं सविस्तर कशाला? थोडक्यात "अनवधानाने चूक झाली" लिहा. मी म्हटलं, अनवधान नव्हतं. इंग्रजी प्रत जोडली आहे. मजकूर असा:

"मी शपथेवर सांगतो की सोमनाथ गोर्डे माझ्याकडे एक दिवसही मॅनेजर नव्हता. ती जागा त्याने मागितली होती आणि मी दिली नाही. आमच्याकडे लग्नाची चौकशी आली की मालक कामगाराचा हुद्दा वाढवून सांगतो. त्या सवयीने आणि माझ्या मनातल्या अपराधीपणामुळे मी खोटे लिहिले. अर्जदाराला ते माहीत नव्हते. बारा वर्षे तो रोज नऊ तास मशीनवर उभा होता. डाय जोडणे, कानशीने घासणे, ग्राइंडरवर माप आणणे, नवीन मुलांना शिकवणे हे त्याचे काम होते. त्याने केलेली एकही डाय परत आली नाही. याची साक्ष देताना मला स्वतःची शरम वाटते, त्याची नाही."

शेवटचं वाक्य काढा, असं वकील तीनदा म्हणाला. ठेवलंय.

तात्या

विंडसर
१८ ऑक्टोबर २०२५

तात्यासाहेब, रामराम.

मधले तीन महिने तुम्हाला लिहिलं नाही. रागानं नाही. दर सकाळी ईमेल उघडायचो आणि काही आलेलं नसायचं. मग दुसरं काही लिहायला हात वळत नव्हता.

काल मंजुरी आली. तिघांची.

शिफ्टमध्येच कळलं. इथं कुणाला सांगावं ते समजेना. शेजारच्या मशीनवर एक म्हातारा इटालियन आहे, त्याला सांगितलं. त्यानं हातमोजा काढून हात मिळवला. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

प्रेरणाला फोन केला तर तिनं फोन आईच्या हातात दिला. तुमचं प्रतिज्ञापत्र मी पाठवायच्या आधी एकदा वाचलं होतं. पुन्हा उघडलेलं नाही. उघडायची गरज पडत नाही, पाठ झालंय.

सोमनाथ

छत्रपती संभाजीनगर
२ फेब्रुवारी २०२६

सोमनाथ,

तुझी माणसं एव्हाना तुझ्यापाशी पोचली असतील. मुंबईला निघायच्या आधी प्रेरणानं गाडी शॉपवर आणली होती. पाया पडली. रूपानं तो स्वेटर इथूनच घातला होता, घामानं भिजली होती पण काढायला तयार नव्हती.

तुझी आई गाडीतून उतरली नाही. मीच जाऊन काचेपाशी उभा राहिलो. साळूबाई म्हणाल्या, "तात्यासायब, लेकरू तिकडं, नात तिकडं. थोरल्याकडं मला कमी नाय काई, पर आता खा म्हून कोणाच्या मागं लागू?" मी म्हटलं, माझ्या मागं लागा. हसल्या. मग खरंच डब्यातल्या दोन दशम्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. गाडी गेल्यावर तिथंच उभ्या उभ्या खाल्ल्या.

आता एक खरं सांगून टाकतो. शपथेवर लिहिल्यापासून खोटं जड जायला लागलंय. काम जोरात आहे असं मी तुला दरवेळी लिहीत होतो. जोरात काही नाही. गेल्या वर्षापासून आम्ही तिघंच आहोत, त्यातला एक पुंजाराम, आणि त्यालाही मला एकटं सोडवत नाही म्हणून येतो. मार्चअखेर शॉप बंद करतोय. गिऱ्हाईक बिडकीनच्या नव्या एमआयडीसीतलं आहे, सगळी मशीनं घेतोय. तुझा ग्राइंडर बघून म्हणाला, याचा कारागीर कुठं आहे? कॅनडात, म्हटलं. हुद्दा विचारला नाही त्यानं. विचारला असता तर खरा सांगितला असता.

तात्या

विंडसर
१५ मार्च २०२६

तात्यासाहेब, रामराम.

रूपा शाळेत जाते. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणी तिच्याशी बोललं नाही, तर ती एका मुलीजवळ जाऊन नुसती उभी राहिली. आता त्या दोघी बरोबर डबा खातात. मला हे चार वर्षांत सुचलं नाही. आम्ही तळघर सोडलं. नव्या खोलीच्या खिडकीतून माणसं डोक्यापासून दिसतात.

शॉपचं वाचून प्रेरणा आणि मी रात्री बराच वेळ बोलत बसलो. तुम्ही इथं या. चार-सहा महिने राहा. थंडी सरली की या, विंडसरला नदी आहे, चालायला चांगली वाट आहे. तुमच्याशी बोलायला होईलच असं नाही, पण शेजारी बसून राहता येईल. ते आपल्याला जमतं.

पाहुण्याच्या व्हिसाचा अर्ज मी भरायला घेतलाय. तुमचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, सगळं भरलं. एका रकान्यावर अडलोय. बोलावणाऱ्याशी नातं काय, असं विचारलंय. सकाळपासून तो रकाना मोकळा ठेवून बसलोय. प्रेरणा म्हणाली, तात्यासाहेबांनाच विचारा. काय लिहू, ते कळवा.

सोमनाथ

छत्रपती संभाजीनगर
१६ मार्च २०२६

सोमनाथ,

येतो. पासपोर्ट पुण्याहून करून घेतलेला आहे, काशीयात्रेच्या जोडीनं नेपाळला जायचं होतं म्हणून, तिथं लागत नसतानाही, तुझ्या काकूनं काढायला लावला होता. दोन वर्षांची मुदत शिल्लक आहे.

रकान्यात "पूर्वीचा मालक" असं लिही. तेवढंच. तुझ्या मनात दुसरा शब्द येत असेल. मीही काल रात्री उशिरापर्यंत त्याच शब्दापाशी बसलो होतो. पण तो लिहू नकोस. ते लोक खातरजमेला ईमेल करतात. आणि सोमनाथ तुमचा मुलगा का, असं त्यांनी मला विचारलं, तर मी हो म्हणेन.

तात्या